आधी बसून दाखव

गेल्या फेब्रुवारीत एक मुलगी दुकानात आली, मोबाइल माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाली, "मावशी, असं शिवता येईल तुम्हाला?" फोटोत एक परदेशी बाई उभी होती. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत चुण्याच चुण्या, आणि खांद्याला, बाहीला, घेराला झालरी. मी चष्मा कपाळावर सरकवून नीट बघितलं आणि विचारलं, "ही बाई बसते कशी?"

मुलीला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "बसायचं कशाला? स्प्रिंगची फॅशन आहे."

आमच्या लोणावळ्यात स्प्रिंग नावाचा ऋतू नसतो. पाऊस असतो, मग धुकं असतं आणि मग एकदम लग्नसराई येते. पण यंदा खरंच ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये चुण्या आणि झालरी होत्या. माझ्याकडे काम करणारी लता म्हणाली, "ताई, आपले दिवस आले." मी म्हटलं, दिवस आले नाहीत, फोटो आलेत. दिवस आपण आधीपासूनच काढतोय.

माझं दुकान वलवणला जायच्या रस्त्यावर आहे. पाटीवर 'लेडीज टेलर' लिहिलंय आणि ते मी बदललेलं नाही. आजकाल हातात कैची धरता आली की लोक डिझायनर होतात. मी टाकवे बुद्रुकची. सातवीनंतर शाळा सुटली, शिवणाचा क्लास केला आणि लग्न होऊन वलवणला आले ती एका जुन्या पायमशीनसकट. मालक रिक्षा चालवायचे. घरात दोन पोरं. मिळेल ते शिवत होते, आणि मिळाले ते शाळेचे स्कर्ट.

लोणावळ्याच्या आसपास मोठमोठ्या बोर्डिंगच्या शाळा आहेत. त्यांचे निळे, चॉकलेटी, हिरवे स्कर्ट मी इतके शिवलेत की डोळे मिटून चुणी पाडेन. एका शाळेचं काम मला एका मध्यस्थाकडून मिळायचं. एकदा तो म्हणाला, "बाई, चुण्या कमी करा. दर स्कर्टमागं कापड वाचतं, कुणाला कळत नाही." मी म्हटलं, मुली प्रार्थनेला मांडी घालून बसतात, संध्याकाळी खो-खो खेळतात, त्यांना पहिल्याच दिवशी कळेल. तो म्हणाला, "तुम्ही शिवायचं काम करा, अक्कल शिकवू नका." माझा पारा चढायला वेळ लागत नाही. कमी चुण्यांचा एक नमुना शिवून ठेवला होता, तो त्याच्या अंगावर टाकला आणि म्हटलं, "घाला आणि बसून दाखवा. बसता आलं तर तुमच्या भावात सगळे शिवून देते." दुकानात चार बायका होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. वर्षभर ते काम गेलं. परत आलं तेव्हा माझ्या भावात आलं आणि माझ्या चुण्यांनी आलं.

तेव्हापासून दुकानाचा नियमच झाला. कपडा घालून बघताना आरशापुढे कितीही वेळ गिरक्या घ्या, पण नेण्याआधी समोरच्या सतरंजीवर एकदा बसून दाखवायचं. कित्येकींना ते अपमानासारखं वाटतं. वाटू दे.

शिवणातलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चुणी आणि झालर एकत्र दिसतात म्हणून लोक दोघींना बहिणी समजतात. तसं नाही. झालर म्हणजे मिरवायचं कापड. लांब पट्टी घ्यायची, एका काठाला धावदोरा घालून ओढायची, ती गोळा होते आणि फुलते. जेवढं कापड घातलं तेवढं सगळं बाहेर दिसतं. चुणी म्हणजे राखून ठेवलेलं कापड. घडी घालून, दाबून, वरून टीप मारून ते आत लपवायचं. माणूस उभं असताना ते दिसत नाही. पाऊल टाकलं, खाली बसलं, जिना चढला की घडी उघडते, लागेल तेवढं कापड देते आणि पुन्हा मिटते. झालर चुकली तर वाईट दिसतं. चुणी चुकली तर माणूस पडतं.

आता या धंद्यातल्या नव्या गिऱ्हाइकांबद्दल. मागच्या काही वर्षांत आमच्याकडे लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायचं खूळ आलं. पवनेच्या काठाला, डोंगराच्या कड्यावर, कुणाच्या तरी बंगल्याच्या हिरवळीवर सकाळी सकाळी जोडपी उभी असतात. मुलीच्या अंगात मागे लांबलचक सोडलेला झालरींचा गाऊन असतो आणि एक माणूस तो वाऱ्यावर उडवून पळत बाजूला होतो. हे गाऊन भाड्याचे. एकच गाऊन बारीक मुलीला चालला पाहिजे आणि जाड मुलीलाही. म्हणून पाठ पूर्ण उघडी ठेवायची आणि मागून चिमटे लावायचे. समोरून राणी, मागून वाळत घातलेलं धुणं. असे गाऊन मी पुष्कळ शिवले आहेत, त्यात लाज नाही. ते उभं राहण्यासाठीच असतात.

एक फोटोवाला मात्र लक्षात राहिला. त्याला आठ थरांच्या झालरीचा लाल गाऊन हवा होता आणि तोही उडणारा. मी म्हटलं, एवढ्या थरांचा उडत नाही, वजन होतं. तो म्हणाला, "पुण्यात उडतो." मी म्हटलं, मग पुण्यात उडवा. भाव करता करता तो इतका वर आला की मला त्याची दया यायला लागली, म्हणून मी थोडी खाली आले. शिवून दिला. दोन दिवसांनी तो परत आला, म्हणाला, "उडत नाही." मी म्हटलं, सांगितलं होतं. मग आम्ही दोघांनी मिळून आतले तीन थर उसवले आणि त्याच्या लहान भावाला पंख्यापुढे ओढणीसारखा पांघरून बघितला. उडला. तो माणूस अजून माझ्याकडेच येतो. भांडल्याशिवाय कपडा नेत नाही, पण येतो.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की पुढची गोष्ट कळावी. ती बाहेरच्या गिऱ्हाइकाची नाही, घरातली आहे, आणि मनातून अजून गेलेली नाही.

माझा धाकटा भाऊ अरुण टाकव्यालाच राहतो. तळेगावच्या कंपनीत नोकरीला आहे, बोलणं मोजकं, इस्त्रीचा शर्ट. त्याची थोरली मुलगी प्रज्ञा. तिचं नाव मी ठेवलेलं, तिचं बाळंतविड्याचं झबलं मी शिवलेलं, शाळेचा पहिला स्कर्टही माझाच. तिचं लग्न ठरलं, मार्चमधलं. आम्ही बौद्ध. आमच्यात लग्नाला पांढरं नेसतात. बहुतेक पांढरी साडी असते, पण हल्लीच्या मुलींना गाऊन हवे असतात. माझी आई, म्हणजे प्रज्ञाची आजी, जुन्या वळणाची, तरी तिनंही विरोध केला नाही. म्हणाली, "पांढरं हाय न्हवं? मग झालं."

मी वाट बघत बसले. कापड बघून ठेवलं. लताला सांगून ठेवलं की मार्चमध्ये दुसरं मोठं काम घ्यायचं नाही. एक दिवस अरुण पत्रिका घेऊन आला. चहा झाला. मी विचारलं, "पोरीचं माप घ्यायला कधी पाठवतोस?"

तो कपाकडे बघत म्हणाला, "आक्का, गाऊन पुण्याला टाकलाय. तिथं एक मॅडम आहेत, डिझायनर. प्रज्ञानं मोबाइलवर बघून ठेवलं होतं."

"मला विचारायचं तरी."

"तू शाळेचे स्कर्ट शिवतेस गं. हे वेगळं असतं."

हे वाक्य त्यानं सहज म्हटलं. त्याच्या ते लक्षातही नसेल. माझ्या आहे. मी उठून त्याच्या हातातला कप घेतला, अजून त्यात चहा होता, आणि मोरीत ओतला. तो गेला. नंतर प्रज्ञाचा फोन आला, "आत्या, रागावलीस?" मी म्हटलं, "मी कशाला रागावू? मी टेलर आहे, माझ्याकडे वेळ नाही." पुण्याच्या दुकानातला व्हिडिओ तिनं पाठवला. गोल चौथऱ्यावर ती उभी, चारी बाजूंनी आरसे, भावजय डोळे पुसतेय. गाऊन सुंदर होता, खोटं कशाला बोलू. वरून गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर घट्ट, त्यावर बारीक चुण्या, आणि गुडघ्याखाली पाच थरांची झालर. आत ती फुगलेली राहावी म्हणून कडक जाळी. आमच्या धंद्यात याला फिश कट म्हणतात, माशाच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून.

व्हिडिओ मी दोनदा बघितला. शंका मला पहिल्यांदा बघतानाच आली होती. मी बोलले नाही. म्हटलं, डिझायनरला कळत असेल.

लग्नाला दोन दिवस राहिले तेव्हा सकाळी सकाळी आईचा फोन आला.

"आगं सुमे, पोरीला खाली बसता येईना."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? आल्यागेल्या बाया म्हनल्या, घालून दाव. घातला. मी म्हनलं, ये, आजीच्या पाया पड. ती वाकाया गेली आन आडवी झाली. पोरं लय हसली. आता आत जाऊन रडतीय."

आता हे बाहेरच्या वाचकांना समजावून सांगायला हवं. आमच्या लग्नात होम नसतो, फेरे नसतात. प्रतिमेपुढे मेणबत्त्या लावतात, वधू-वर वंदन करतात, वंदना म्हणतात. वंदन म्हणजे नुसते हात जोडणं नव्हे. गुडघे टेकायचे, तळहात टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं आणि उठायचं. असं तीनदा. लग्नातला हाच मुख्य क्षण, बाकी सगळं जेवणखाण. आणि पुण्याच्या त्या चौथऱ्यावर पोरगी उभी होती, वळली होती, हसली होती. खाली बस असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. मॅडमना आमची रीत माहीत नसणार, त्यांना दोष देत नाही. पण माझी भावजय दर पौर्णिमेला विहारात गुडघे टेकते, प्रज्ञा स्वतः टेकते, आणि दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आरसा माणसाला उभंच ठेवतो.

"पुण्याला फोन करा," मी आईला म्हटलं.

"केला की. त्या म्हनत्यात, तसा बदल करायचा तर आठ दिवस पायजेत. न्हाईतर म्हनल्या, उभ्यानंच नमस्कार कर."

"मग करू दे उभ्यानं."

आई म्हणाली, "तू आत्या हायेस का सवत?" आणि फोन ठेवला.

मी टाकव्याला गेले नाही. तेवढं मी केलं नाही. म्हटलं, ज्याला गरज आहे तो येईल. दुपारी दुकानापुढे अरुणची गाडी थांबली. प्रज्ञा आणि तिची आई मोठी पिशवी घेऊन आत आल्या. अरुण गाडीतच बसून राहिला. लता काचेतून बघून म्हणाली, "ताई, साहेबांना घडी मोडायची नाहीये बहुतेक."

प्रज्ञाला मी गाऊन घालायला लावला आणि सतरंजीवर बस म्हटलं. ती गुडघ्यात जराशी वाकली आणि थांबली. कापड मांड्यांवर ताणलं, मागची टीप करकरली. चूक कुठं आहे ते तेवढ्यात कळलं. वरचं कापड छान होतं, शिवणही स्वच्छ होती. अंगावरच्या ज्या चुण्या दिसत होत्या त्या दोन्हीकडून शिवून बंद केलेल्या होत्या. म्हणजे दिसायला चुणी आणि कामाला सपाट कापड. राखून काहीच ठेवलेलं नव्हतं.

उपाय एकच होता. दोन्ही बाजूंच्या शिवणी मांडीपासून खाली उघडायच्या आणि आत चुण्या घातलेले तिकोनी तुकडे, म्हणजे कळ्या, बसवायच्या. उभी राहिली की कळी मिटलेली, वाकली की उघडी. पण कापड आणायचं कुठून? पांढरा रंग एक नसतो. दुधी वेगळा, मोतिया वेगळा, निळसर वेगळा. दुसऱ्या ठिकाणचा पांढरा लावला तर फोटोत ठिगळ दिसतं. कापड एकाच जागी होतं, झालरीत.

"तीन थर काढावे लागतील," मी म्हटलं.

प्रज्ञा ओरडलीच. "आत्या, तीन? मग राहिलं काय? त्या झालरीसाठी तर मी हा घेतला."

"झालरीत तोंड घालून वंदन करणार आहेस का?"

"एक काढ."

"एकात एक बाजू होते. दुसऱ्या गुडघ्याला काय सांगू?"

"मला माहितीये, तुला दोनच लागणार आहेत," ती डोळे पुसत म्हणाली. "तू तीन म्हणतेस म्हणजे दोन."

लता मशीनवर डोकं ठेवून हसायला लागली. मलाही हसू येत होतं, पण भाव चालू असताना हसायचं नसतं. मी म्हटलं, "दोन. पण आतली जाळी जाणार. त्यात घासाघीस नाही. ती गुडघ्याला टोचते आणि कापड वर उचलते."

"जाळी गेली तर फुगणार नाही ना."

"फुगायचं असेल तर फुगून उभी राहा. नवरा वंदन करील, तू फोटो काढ."

तिनं आईकडे बघितलं, आईनं छताकडे. मग म्हणाली, "खालचा थर नाही काढायचा. मधले काढ."

हे तिचं बरोबर होतं. खालचा काढला असता तर गाऊन आखूड झाला असता. दुसरा आणि चौथा काढायचा ठरला. उरलेले तीन जरा लांब लांब लावले की मधली जागा झाकते. माझ्या लक्षात आलं की ही पोरगी भाव करण्यात माझ्यावर गेली आहे. तिच्या बापाला हे कधी जमलं नाही.

"आता बापाला आत बोलव," मी म्हटलं.

अरुण आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "आक्का, काय लागेल ते सांग."

"तुझे पैसे तुझ्याकडे ठेव. लग्नात माईकवर आभार मानणार आहेस ना?"

"मानीन की. सगळ्यांचेच मानायचे असतात."

"त्यात माझं नाव घे. ड्रेस कुणी नीट केला ते सांग."

तो हळू आवाजात म्हणाला, "पाव्हण्यांना सांगितलंय पुण्याचा ड्रेस आहे म्हणून. आता भर मांडवात दुरुस्त केला म्हणून सांगू? प्रज्ञाच्या सासूला काय वाटेल?"

"मला काय वाटलं ते विचारलंस?"

"आक्का, पोरीचं लग्न आहे."

"म्हणूनच करणार आहे. नाहीतर तू गाडीतून उतरेपर्यंत मी शटर ओढलं असतं. नाव घेणार का नाही?"

प्रज्ञा गाऊन धरून उभी होती. अरुण तिच्याकडे बघून म्हणाला, "बरं."

माझ्या धंद्यात 'बरं' म्हणजे सौदा झाला. मी कैची उचलली.

काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. सांगण्यासारखं एवढंच की झालरीच्या पट्ट्या अरुंद होत्या, कळी पुरी होईना, म्हणून तुकडे जोडावे लागले. जोड दिसू नयेत म्हणून प्रत्येक जोड चुणीच्या घडीत आत टाकला. उभं कापड बघितलं तर ते अखंड वाटतं. मग पाण्यात थोडा व्हिनेगर घालून ओल्या फडक्यानं इस्त्री, आणि घड्यांवर लाकडी पाट ठेवून त्यावर वरवंटा. असं कापड पूर्ण गार होईपर्यंत हलवायचं नसतं. गरम असताना हलवलं की घडी विसरते. शाळेचे स्कर्ट मी असेच दाबते. लतानं तेवढ्यात उरलेल्या झालरी पुन्हा लावल्या.

दुपारी प्रज्ञा आली. घातला. उभी राहिली, तर काही बदललंय असं वाटेना. सतरंजीवर गुडघे टेकले, कपाळ टेकलं, उठली. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. मग आरशात बघून म्हणाली, "झालर कमीच वाटतेय, आत्या."

मी म्हटलं, "वाटणारच. दोन थर गुडघ्यात गेलेत."

लग्न सोमाटण्याच्या एका हॉलमध्ये होतं. मी पुढच्या रांगेत बसले नाही, बाजूला बसले, तिथून तिचे गुडघे दिसत होते. लोक नवरीचं तोंड बघत होते, मी उजवी कळी बघत होते, कारण तिच्यात जोड जास्त होते. बौद्धाचार्यांनी सांगितलं तशी दोघं वंदनाला वाकली. कळी उघडली, कापड बाहेर आलं, प्रज्ञाचं कपाळ जमिनीला लागलं. ती उठली आणि कळी मिटली. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा उठताना तिचा हात नवऱ्याच्या खांद्याला लागला, पण तो आधारासाठी नव्हता, ते मला कळतं. माझ्या शेजारी पाव्हण्यांकडची एक बाई होती. ती तिच्या मुलीला म्हणाली, "पुण्याचा म्हणत होते. साधाच वाटतो गं. झालर फार नाही." मी तोंड आवरलं. कुणाला काही दिसलं नाही, म्हणजे काम चांगलं झालं होतं. पण कुणाला काही दिसलं नाही, याचा त्रासही मलाच होत होता.

मंगलगाथा झाली, फुलं पडली, फोटो झाले आणि अरुणनं माईक घेतला. त्यानं एकेकाचे आभार मानायला सुरुवात केली. बौद्धाचार्य, व्याही, गावचे लोक, कंपनीतले साहेब, मांडववाला, जेवणवाला. आई माझ्या पलीकडे बसली होती, ती काठीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

"आणि," अरुण म्हणाला, "मुलीच्या ड्रेसबद्दल सगळे विचारतायत." त्यानं व्याह्यांकडे बघितलं, मग हॉलभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "ड्रेस घरचाच आहे."

एवढंच. मग तो जेवणाकडे वळला, म्हणाला, सर्वांनी जेवल्याशिवाय जाऊ नये.

पुढच्या रांगेत विहीणबाईंनी मान वळवली. पुण्याचा की घरचा, हे त्यांना कळेना. प्रज्ञा स्टेजवर खाली बघत हसत होती. आई मला म्हणाली, "बोलला की तो."

"नाव कुठं घेतलं?"

"घर म्हनला की."

"घर म्हटलं तर त्यात तुझं नाव येतं, त्याच्या बायकोचं येतं, शेळीचं पण येतं."

"मग शेळीनं शिवला आसं वाटंल का लोकास्नी?" आई म्हणाली आणि जेवायला उठली.

पंगतीत अरुण येऊन माझ्या शेजारी बसला. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "सौदा नावाचा झाला होता."

"नाव घेतलं असतं तर दुरुस्ती सांगावी लागली असती. पोरीला सासरी ऐकून घ्यावं लागलं असतं. घरचा म्हटलं, त्यात तू आलीसच."

"त्यात मी येते, हे आज कळलं? मग पुण्याला जाताना मी कुठल्या घरची होते?"

तो भात कालवत राहिला. थोड्या वेळानं त्यानं आपल्या ताटातला बुंदीचा लाडू उचलून माझ्या ताटात ठेवला. मी तो उचलून परत त्याच्या ताटात ठेवला. वाढप्याला हाक मारून त्यानं आणखी एक घेतला आणि दोन्ही माझ्या ताटात ठेवले.

मी ताटाकडे बघितलं. मग एक लाडू फोडला.